वाजणारा ब्रेक, मुका ब्रेक

दोन वर्षांपूर्वी मी जुनी गाडी घेतली. नऊ वर्षं वापरलेली, पांढरी, छोटी हॅचबॅक. विकणाऱ्याने डॅशबोर्डला कसलंसं तेल लावून तो चकचकीत केला होता, चारही टायर काळे केले होते आणि कार्पेटखाली अत्तराची वडी ठेवली होती. जुनी गाडी घेताना आपण सगळं डोळ्यांनी बघतो. रंग, गंज, टायरच्या नक्ष्या, किलोमीटरचा आकडा. कानांचं काम सुरू होतं ते पैसे देऊन झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला हलकेच ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकातून एक बारीक, लांबलचक किंकाळी निघाली. पाटीवर नख ओढल्यासारखी. शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवून आधी चाकाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. जोरात ब्रेक दाबला तर आवाज गायब. उतारावर सावकाश दाबला की पुन्हा हजर. सोसायटीतल्या एका जाणकारांनी निकाल देऊन टाकला, ‘फसवलं तुम्हाला. ब्रेक गेलेत.’

नाना पेठेच्या मागच्या एका गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली, तर अर्थातच आवाज येईना. दातदुखी डॉक्टरच्या पायरीवर थांबते तसं. मामा शेजारी बसले, दोन्हीकडच्या काचा खाली करायला लावल्या आणि म्हणाले, ‘सर, त्या शाळेच्या भिंतीला लागून घ्या. अगदी हळू.’ भिंतीमुळे चाकाचा आवाज परत येऊन खिडकीतून आत शिरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकदा भिंत डावीकडे ठेवून, एकदा उजवीकडे ठेवून आम्ही चार फेऱ्या मारल्या. मामा डोळे मिटून ऐकत होते.

त्यांचं ऐकणं म्हणजे एकेक शक्यता खोडत जाणं होतं. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते आणि मग जाते? तो रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर धरलेला गंज, त्याचं काही करायचं नाही. ब्रेक न दाबताही चाकाबरोबर खर्र-खर्र फिरतं? डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला असेल. घूं-घूं असा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो? तो ब्रेकचा नाहीच, बेअरिंगचा. पुढे-मागे घेताना पहिल्या ब्रेकला एकदाच ‘टक्’? पॅड आपल्या घरात सैल बसलाय. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा जाडाभरडा आवाज येतो आणि पायाला थरथर जाणवते? मग गाडी आहे तिथेच उभी करायची, कारण पॅडचा मसाला संपून मागची पट्टी डिस्क खातेय. आणि हलक्या ब्रेकला येणारी बारीक किंकाळी? मामा हसले. ‘ही सगळ्यात जास्त घाबरवते आणि सगळ्यात कमी मारते.’

हे वाक्य डोक्यात राहिलं. ब्रेकच्या आवाजाचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा कळलं की मामांचं वाक्य उलट्या बाजूनेही खरं आहे. शांत ब्रेकने पुष्कळ माणसं मारली आहेत. रस्त्यावर नव्हे, दुसरीकडेच.

*

मोटारगाडीच्या ब्रेकची गोष्ट चामड्यापासून सुरू होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी गाडी घेऊन, दोन मुलग्यांसह, मानहाइमहून माहेरी फॉर्ट्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, त्यात चढउतार. उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा वाटेतल्या एका मोच्याकडून तिने ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरचा शोध म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. चामडं मऊ, ते फारसं वाजत नाही. पण जळतं लवकर.

पुढे गाड्या जड झाल्या, वेग वाढला, आणि चामड्याचं काम राहिलं नाही. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अफाट डोक्याच्या इंजिनिअरने एका ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे. आज आपल्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकात असतो तोच हा डिस्क ब्रेक. फक्त चकतीवर घासायला काय लावायचं हा प्रश्न होता. उष्णता सोसेल असा दुसरा पदार्थ हाताशी नव्हता, म्हणून लँचेस्टरने तांबं लावलं. धातूवर धातू. तो ब्रेक थांबवायचं काम करायचा, पण असा किंचाळायचा की ऐकवत नसे. शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. बाकीच्या जगाने फ्रान्सच्या लुई रेनोच्या वाटेने जाऊन ड्रम ब्रेक धरला आणि डिस्क ब्रेक जवळजवळ अर्धं शतक अडगळीत पडला. आवाज हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण एक कारण नक्की होतं.

ही तांब्याची गोष्ट लक्षात ठेवा, ती शंभर वर्षांनी परत येणार आहे.

*

धातू का किंचाळतो, हे लँचेस्टरला पुरतं उमगलं असेल असं वाटत नाही. तेव्हा ते कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. गंमत म्हणजे त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर व्हायोलिनवर काम करणाऱ्यांकडे होतं. गज तारेवर ओढला की तार गजाला चिकटून थोडी ओढली जाते, मग सुटते, परत चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात हे दाखवलं आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये बसून त्याचं गणित आणखी पुढे नेलं. १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांवर त्यांचा मोठा प्रबंध निघाला. प्रकाशावरच्या ज्या कामासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं, त्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. रामन यांना मोटारीच्या ब्रेकशी काही देणंघेणं नव्हतं. पण पॅड म्हणजे गज आणि डिस्क म्हणजे वाजणारी वस्तू असं धरलं, तर ब्रेकची किंकाळी त्याच घराण्यातली निघते.

ब्रेकवाल्यांनी हा धागा पकडायला वेळ घेतला. १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या एच. आर. मिल्स यांनी ब्रेकच्या किंकाळीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होतं अशा पदार्थांत चिकटणं-सुटणं आपोआप चालू राहतं आणि आवाज होतो. हे पटण्यासारखं होतं, पण पुरेसं नव्हतं. घर्षण वेगाबरोबर न बदलणारे ब्रेकही किंचाळत होते. मग १९६१ साली आर. टी. स्पर यांनी दुसरी बाजू मांडली. आपल्या सगळ्यांना ती शाळेतच कळलेली आहे, फक्त तिचं नाव माहीत नसतं. फळ्यावर खडू ओढत नेला तर तो गुमान लिहितो. तोच खडू विशिष्ट कोनात समोर रोवून पुढे ढकलला की किंचाळतो. खडू तोच, फळा तोच, बदलला तो फक्त कोन. खडू फळ्यात रुततो, वाकतो, सुटतो, पुन्हा रुततो. पॅडची कड अशीच डिस्कमध्ये रुतते.

आता यात डिस्कचं काम काय, तर ती घंटा आहे. बिडाची गोल, जाडजूड घंटा. किंचाळताना तिचे पट्टे आलटून पालटून आत-बाहेर हलतात आणि मधल्या काही रेषा स्थिर राहतात. हे हलणं डोळ्याला दिसत नाही, ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं. पण सेकंदाला हजार ते पंधरा हजार वेळा होतं, आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो नेमका या टापूत. म्हणून इतकीशी थरथर चौकातल्या सगळ्या माना वळवते. थांबण्याच्या अंतराशी तिचा काहीही संबंध नसतो. तापमान, हवेतला दमटपणा, पायाचा दाब यांतलं एक काही बदललं की ती गप्प बसते. माझी गाडी मामांच्या दारात गप्प होती ती म्हणूनच.

*

लँचेस्टरच्या किंकाळीवरचा उतारा मात्र शास्त्रज्ञांच्या आधी एका खटपट्या माणसाने शोधून ठेवला होता. हर्बर्ट फ्रूड हा इंग्लंडमधल्या डर्बीशर या डोंगराळ परगण्यातला. तिथले गाडीवान तीव्र उतारावर घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुना बूट बांधतात, हे बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ साली त्याने राळेसारख्या पदार्थांत भिजवलेल्या सुती पट्ट्यांचे ब्रेक-ठोकळे बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात बायको एलिझाबेथच्या नावातलं पहिलं अक्षर घालून त्याने कंपनीचं नाव ठेवलं, फेरोडो. घोडागाड्यांना सूत चाललं. मोटारींना चालेना, ते करपायचं. तेव्हा १९०८ च्या सुमारास फ्रूडने सुताच्या जागी ॲस्बेस्टॉस घातलं.

ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा, विणता येणारा आणि न जळणारा. राळेत बसवलं की लायनर मऊ राहतो, ड्रमच्या वळणाला धरून बसतो आणि थरथर स्वतःत जिरवतो. स्वस्तही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक ब्रेकांत ते होतं, कित्येक लायनरांत निम्म्याच्या आसपास. ॲस्बेस्टॉसचे ब्रेक वाजतच नसत असं नाही. मिल्सने १९३८ साली अभ्यासले ते त्याच काळातले ब्रेक होते. पण तांब्याच्या मानाने ते साधुसंत. फ्रूडच्या पट्टीमुळे मोटार ही सभ्य वस्तीत चालवण्याजोगी गोष्ट झाली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आपल्याकडच्या ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी याच घराण्यातल्या. बहुतेक सगळ्यांना चारही चाकांना ड्रम. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा ब्रेक पावसात भिजला की आधी काही धरायचाच नाही आणि मग घोगरा, गाईच्या हंबरण्यासारखा आवाज काढत एकदम धरायचा. तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना इथे तो आठवेल. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा लोकांनी तिच्या डिकीची, मीटरची, आतल्या फुलाफुलांच्या छताची आठवण काढली. ब्रेकच्या आवाजाची कुणी काढल्याचं वाचनात नाही.

*

२०व्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फेरोडो ही टर्नर अँड न्यूऑल या ॲस्बेस्टॉसच्या बलाढ्य ब्रिटिश समूहात गेली. या समूहातल्याच टर्नर ब्रदर्सच्या रॉचडेलच्या कारखान्यात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. तिला धाप लागायला लागली. १९२४ च्या मार्चमध्ये ती वारली, तेव्हा ती ३३ वर्षांची होती. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली, त्यांत त्यांना दगडाचे तंतू सापडले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कंपनीने जबाबदारी नाकारली, अंत्यविधीचा खर्चसुद्धा दिला नाही. नेलीला दगड-नाव नसलेल्या थडग्यात पुरलं. १९३१ साली ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीबद्दल नियम झाले, पण तेही ठरावीक कामांपुरते.

म्हणजे ॲस्बेस्टॉसचा धोका पद्मिनीच्या जन्माआधी कित्येक वर्षं लेखी नोंदलेला होता. तरी लायनर बनत राहिले. आपल्याकडेही बनले, आणि कुठे दूर नाही, मुंबईत घाटकोपरला. तिथला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना पुढे हिंदुस्थान कॉम्पोझिट्स या नावाने ओळखला जाऊ लागला. तिथल्या कायम कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. चारांत जवळजवळ एक.

हा निबंध वाचताना मला मामांचं ऐकणं आठवलं, कारण यातही मुख्य प्रश्न आवाजावरून दुखणं ओळखण्याचा आहे. ॲस्बेस्टॉसिसची एक जुनी खूण डॉक्टरच्या नळीतून ऐकू येते. रुग्णाने खोल श्वास आत घेतला की फुप्फुसांच्या तळाशी बारीक चुरचुर होते, चिकटपट्टी सोलल्यासारखी. कामगार तीस वर्षं ॲस्बेस्टॉसमध्ये राबलाय हे माहीत असलेला डॉक्टर ती चुरचुर ऐकून पुढचा प्रश्न विचारेल, विशेष एक्स-रे काढेल, श्वासाची मोजणी करेल. पण या लेखकद्वयाची तक्रार अशी होती की भारतात असे रुग्ण सर्रास क्षयाचे किंवा जुनाट खोकल्याचे म्हणून नोंदवले जातात. कधी शिकलेलं नसतं म्हणून, कधी जाणूनबुजून. क्षय म्हटलं की दोष कामगाराच्या चाळीचा. ॲस्बेस्टॉसिस म्हटलं की कारखान्याने भरपाई द्यायची. निदान बदललं की बिल कुणाच्या नावावर फाडायचं तेही बदलतं.

खरं तर भरपाईचा रस्ता त्याआधी दहा वर्षं उघडला होता. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जे उशिराचं असेल तोवर ठेवायची. आजार सिद्ध झाला तर एक लाख रुपये द्यायचे. चाळीस वर्षं यासाठी, की हा आजार तितका सावकाश येतो. ब्रेक झिजल्याचं हजार किलोमीटरमध्ये कळतं. फुप्फुसाचं कळेपर्यंत माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. पण सिद्ध करायचं म्हणजे प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्र म्हणजे पुन्हा कुणीतरी नीट ऐकायला हवं.

गॅरेजमधल्या मिस्त्रींचं काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. जुन्या ड्रममध्ये लायनरची झिजलेली भुकटी साचते आणि ती काढायची सर्वत्र चालणारी रीत म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारणे. ब्रेकच्या उष्णतेने बरेचसे तंतू आधीच मोडून निरुपद्रवी झालेले असतात, असं एक बाजू म्हणते. सगळे होत नाहीत, आणि नवा लायनर घासून बसवताना तर ताजीच धूळ उडते, असं दुसरी. अमेरिकेतल्या न्यायालयांत यावर साक्षींचे ढीग पडले आहेत. कारखान्यातल्या कामगारांबद्दल मात्र असा वाद उरलेला नाही. १९८६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मिस्त्रींसाठी धुळीपासून जपण्याची पुस्तिका काढली. त्याच संस्थेने १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर जवळपास पूर्ण बंदी जाहीर केली, तिचा मोठा भाग १९९१ मध्ये न्यायालयाने उडवून लावला, आणि अमेरिकेत सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनरांपर्यंत पोचणारी बंदी यायला २०२४ चा मार्च उजाडला. ब्रिटनने १९९९ साली दार लावलं होतं. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना रजा मिळाली, आयातीवर आणि वापरावर मात्र सरसकट बंदी अजून नाही. मोठ्या कंपन्यांच्या पॅडच्या डब्यावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असं छापलेलं असतं. पेठेत किलोच्या भावाने मिळणाऱ्या सुट्या लायनरवर काहीच छापलेलं नसतं.

*

ॲस्बेस्टॉस निघालं आणि किंकाळी परत आली. दरम्यान डिस्क ब्रेकही अडगळीतून बाहेर आला होता. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जिंकली, १९५५ च्या सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना ते आले, आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक गाड्यांना. ड्रम हा निदान झाकलेला असतो. डिस्क उघडी घंटा. तिच्यावर आता मऊ ॲस्बेस्टॉसऐवजी पोलादाचे तंतू, काचेचे, ॲरमिडचे तंतू, ग्राफाइट, आणि हो, तांबं असलेले पॅड घासू लागले. लँचेस्टरचं तांबं भुकटी आणि तंतूंच्या रूपात परतलं. ते उष्णता चटकन वाहून नेतं आणि घर्षण एकसारखं ठेवतं.

मग किंकाळीशी लढाई नव्याने सुरू झाली. पॅडच्या कडा तिरप्या कापल्या, म्हणजे खडूसारखं रुतणं कमी होईल. मधून खाच मारली. पॅडच्या पाठीवर रबर आणि पत्र्याची पातळ पाटी बसवली, तिला गॅरेजमध्ये शिम म्हणतात. ती थरथर पिते. आणि एवढं सगळं करून ब्रेक शांत केल्यावर इंजिनिअरांनी त्यात मुद्दाम एक आवाज घातला. पॅडच्या मागे स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी वाकडी पट्टी असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि सतत बारीक वाजते. बहुतेकदा ती ब्रेक न दाबताही वाजते आणि दाबला की थांबते किंवा बदलते. नुसत्या किंकाळीपासून ती ओळखायची ती अशी. सगळ्या पॅडना ती नसते, आणि स्वस्तातल्या पॅडवरून ती सगळ्यात आधी गायब होते.

तांब्याची दुसरी खेपही फार टिकली नाही. पॅडची भुकटी पावसाबरोबर गटारात, तिथून नदीत आणि खाडीत जाते. पाण्यातलं तांबं सॅमन माशाची वास घेण्याची शक्ती बिघडवतं, आणि वास न येणाऱ्या माशाला शत्रू जवळ आल्याचं कळत नाही. २०१० साली कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचे कायदे केले, आणि उत्पादकांनी त्या बेताने मसाले बदलले. युरोपच्या नव्या नियमांत तर धुराड्याबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाही मर्यादा घातली आहे. माशाच्या नाकासाठी दोन राज्यांनी कायदा केला, याचा मला आनंदच आहे. फक्त नेली कर्शॉपासून ब्रिटनच्या बंदीपर्यंत ७५ वर्षं लागली, हेही त्याच वेळी आठवतं.

*

माझ्या गाडीचं पुढचं चाक काढल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. पॅड नवेकोरे होते. विकणाऱ्याने गाडी दाखवायच्या आधी घातलेले, सगळ्यात स्वस्तातले, आणि घालताना जुन्या पॅडवरच्या शिम काढून फेकून दिलेल्या. कडा काटकोनात तशाच. वाजतील नाही तर काय. थांबवायला ते पॅड अगदी ठीक होते. मामांनी पिना साफ करून ग्रीस लावलं, कडा कानशीने तिरप्या केल्या, शिम आणायला पोराला पिटाळलं.

मी सुटलो म्हणून पैसे काढायला लागलो तर ते म्हणाले, ‘थांबा सर. पुढचं ओरडत होतं म्हणून तुम्ही आलात. मागचं डावं बघू द्या, ते फारच गप्प आहे.’ हँडब्रेक ओढून त्यांनी दोन्ही मागची चाकं हाताने फिरवून पाहिली. उजवं हललं नाही. डावं थोडं जोर लावल्यावर फिरलं.

ड्रमला दोन फटके मारून त्यांनी तो ओढला. आतला व्हील सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेक ऑइलने दोन्ही लायनर चिंब झाले होते, तेलात बुडवलेल्या वातीसारखे. त्या चाकाला ब्रेक नव्हताच म्हटलं तरी चालेल. आणि तेल असल्यामुळे तो कधीच वाजला नसता. मामांनी ऑइलची डबी दाखवली. पातळी खाली गेली होती, पण दिवा लागण्याइतकी नाही.

मग त्यांनी उजवा ड्रमही काढला. तो कोरडा होता, काळी-करडी भुकटी कडेला बोटभर साचलेली. पोराने सवयीने कॉम्प्रेसरचा पाइप उचलला. मामांनी त्याच्या हातातून तो काढून घेतला, बादलीतलं साबणाचं पाणी आणि जुना रंगाचा ब्रश पुढे सरकवला. मी विचारलं, हे कधीपासून? ‘माझ्या वस्तादांनी चाळीस वर्षं हवाच मारली,’ ते म्हणाले. ‘शेवटी जिना चढवत नव्हता. डॉक्टर टीबी म्हणाले. गोळ्या पुऱ्या खाल्ल्या, फरक नाही पडला.’ मी विचारलं, की ते काय होतं हे नंतर कधी कळलं का. मामांनी मान हलवली आणि पोराला सांगितलं, की ब्रश खालून वर मार, पाणी अंगावर उडवू नकोस.

नवा सिलिंडर आणि मागचे चारही लायनर मिळून जे बिल झालं, ते विकणाऱ्याला फोन करून मी सांगितलं. तो म्हणाला, ‘पण साहेब, तुमची तक्रार तर पुढच्या आवाजाची होती ना?’